दाता क्रमांक अकरा

४ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे. दुपारी दोनपर्यंत सगळं सामान वर चढलं. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांबुळकी गॅलरी. गॅलरीतून समोरच माझी संशोधन संस्था दिसते. पांढरी, सहा मजली, वर पाण्याच्या तीन टाक्या. इतक्या जवळची नोकरी मला जन्मात मिळाली नव्हती. डबा विसरला तरी घरी येऊन जेवून जाता येईल.

अण्णांनी प्रवासात काही त्रास दिला नाही. हमालांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, बाई, तुम्ही या घरच्या का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग यांना सांगा, ते कपाट माझ्या मुलीचं आहे, जपून ठेवायला सांगा. कपाट मुलीचं आहे हे लक्षात आहे, मुलगी पुढ्यात उभी आहे हे नाही. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी हसले. तीन वर्षं मी हेच करतेय. हसल्यानं निदान डोळे सुजत नाहीत.

संध्याकाळी दादाचा फोन आला. अण्णांना सांभाळ, स्वतःला सांभाळ, गॅस बंद करत जा. परदेशातून काळजी करायला पदर खोचावा लागत नाही. पण मी आज चिडले नाही. या नोकरीची खरी ओढ पगाराची नव्हतीच. इथं नव्या उपचाराची चाचणी चालू आहे आणि अण्णांना त्यात घेणार आहेत. आठवा रुग्ण. आधीच्या सातांपैकी एक आजी दोन वर्षांनी नातवाला ओळखून त्याच्या परीक्षेबद्दल विचारायला लागल्या, असं मुलाखतीतच कळलं होतं. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

७ सप्टेंबर

काम समजलं. मी स्मरणचाचण्या घ्यायच्या. रुग्णाला तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग ते शब्द विचारायचे. कागदावर घड्याळ काढायला सांगून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावायची. आजचा वार, या मजल्याचा आकडा, एखादं वाक्य. एकूण तीस गुण. रुग्णांनी मला पहिल्याच दिवशी ‘प्रश्नवाली’ करून टाकलं.

डॉक्टर मॅडम म्हणजे या सगळ्याच्या प्रमुख. साठीच्या, बुटक्या, फार भरभर चालणाऱ्या. त्यांनी मला आजार समजावला तो चादरीच्या घडीवरून. मेंदूतल्या प्रथिनांची घडी नीट पडली पाहिजे. एकाची घडी चुकली की ते शेजारच्याचीही घडी बिघडवतं, आणि मग चुरगळलेल्या चादरींचा ढीग साठत जातो. पेशी त्या ढिगाखाली उपाशी मरतात. जगभर बहुतेक जण ढीग उपसायच्या मागे आहेत. मॅडम म्हणतात, मी आधी उपाशी पेशींना खायला घालते.

ते खाणं तिसऱ्या मजल्यावर तयार होतं. तिथला प्रमुख तंत्रज्ञ म्हणजे पेशीमामा. सगळे त्यांना हेच म्हणतात. उबेच्या कपाटाचं दार उघडून त्यांनी मला तबकड्या दाखवल्या, एखाद्यानं पाळण्यातलं मूल दाखवावं तशा. अवयवदान केलेल्या माणसाच्या मेंदूतल्या मूळपेशी. त्या बारीक बारीक पुड्या बाहेर सोडतात, केसाच्या जाडीहून हजारपट लहान. त्या गाळून घ्यायच्या, औषधात मिसळायच्या आणि नाकात फवारायच्या. नाकातून मेंदू जवळ. आधीच्या दहा दात्यांच्या पेशी आठवड्याभरात मेल्या. अकराव्याच्या जगल्या, आणि अशा जगल्या की तबकड्या पुरेनात. दाता कोण होता, हे नियमानं गुप्त असतं.

१२ सप्टेंबर

अण्णांना पहिला फवारा दिला. आठवड्यातून दोनदा द्यायचा, पुढचे घरी मीच देणार. औषध घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे. फवारल्यावर ते सात वेळा शिंकले आणि प्रत्येक शिंकेनंतर ‘माफ करा’ म्हणाले. आजचे गुण, तीसपैकी नऊ.

२२ सप्टेंबर

आज सकाळी मी चहा टाकत होते. मागून आवाज आला, बयो, साखर कमी घाल, तुझा हात नेहमी सुटतो.

मला बयो म्हणणारा जगात एकच माणूस आहे आणि त्यानं ते तीन वर्षांत म्हटलं नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले. मग वळले. अण्णांनी शर्टाची बटणं स्वतः लावली होती, एकही वरखाली नाही. मला म्हणाले, रडतेस काय, साखर थोडी जास्त चालेल.

दादाला फोन लावून दिला. दोघं वीस मिनिटं बोलले. दादा फोनवर रडला. आज त्याच्यावरचे माझे सगळे राग माफ.

गुण एकोणीस.

२९ सप्टेंबर

एक बारीकशी गंमत. सातांमध्ये एक घड्याळजी आहेत, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. आज त्यांना तीन शब्द दिले. चमचा, डोंगर, पिवळा. पाच मिनिटांनी विचारलं तर म्हणाले, चमचा, डोंगर, मुंगी. मी एक गुण कापला. घड्याळातही मी सांगितलेली अकरा दहाची वेळ सोडून साडेचार दाखवले. घड्याळजींनी घड्याळात चुकावं, म्हणून आम्ही दोघंही हसलो.

३ ऑक्टोबर

आज बाईंनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकेनं, सांगितलं, चमचा, डोंगर, मुंगी. दुपारी कंपाउंडरकाकांनीही तेच. दोघांच्या घड्याळांत साडेचार.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, सगळे एकाच बाकावर बसतात, एकमेकांचं ऐकतात. मी म्हटलं, अहवालात नोंदवू का? त्यांनी चष्मा काढला. “सात माणसं स्वतःच्या नातवंडांना ओळखायला लागली आहेत. आणि तू काय लिहिणार, त्यांना मुंगी चावली?”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

९ ऑक्टोबर

बाक बदलून पाहिला. सगळ्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, एकाची दुसऱ्याशी गाठ पडू दिली नाही. शब्दही बदलले. तिसरा शब्द काहीही असो, उत्तर मुंगी. सातही जण. घड्याळांत साडेचार.

मग वाक्य लिहायला सांगितलं. आता ते सात कागद माझ्यापुढे आहेत. घड्याळजींचं अक्षर बारीक, टोकदार होतं, बाईंचं फळ्यावरचं, ठसठशीत. पहिल्या महिन्याचे कागद फाइलमध्ये आहेत, मी ताडून पाहिले. आता सातांचंही अक्षर एक आहे. गोल, थोडं डावीकडे कललेलं, वेलांट्या लांब.

वाक्यही एकच आहे. मुंगीची शाळा सुटायच्या आत पोचायला हवं.

घरी आल्यावर अण्णांपुढे कागद ठेवला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, बयो दमली आहे. जीव भांड्यात पडला.

मग ते कागदाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, आत कुणीतरी बाई आहे. वाईट नाही. घाबरलेली आहे.

१३ ऑक्टोबर

सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी चारला अण्णा पलंगावरून उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी कुठं म्हणून विचारेपर्यंत ते जिन्यात होते. मी मागोमाग गेले. बाजाराचा रस्ता, पूल, मग डावीकडे. या गावात आल्यापासून ते माझ्याशिवाय घराबाहेर पडलेले नाहीत. तरी एकाही वळणावर थांबले नाहीत.

एका शाळेच्या फाटकाशी घड्याळजी उभे होते. बाई होत्या. कंपाउंडरकाका, आणि बाकीचे चौघे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांनी मान उजवीकडे किंचित कलती ठेवलेली. अण्णा त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांचीही मान कलली.

साडेचारला घंटा झाली. मुलं बाहेर पडली. दोन वेण्यांची, सातेक वर्षांची एक मुलगी फाटकाबाहेर आली, आणि आठही जणांनी एकाच वेळी उजवा हात पुढे केला. दप्तर घ्यायला करतात तसा.

मुलगी जागच्या जागी थिजली. आठ म्हातारे हात तिच्यापुढे. ती रडली नाही, तेच मला जास्त लागलं. ती एकेका चेहऱ्याकडे बघत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

मग रस्त्यापलीकडून तिचे वडील आले. नीटनेटका माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मुलीला उचललं आणि आठांकडे पाहिलं. अण्णा, माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, ते दोन पावलं मागे सरले. आठही सरले.

१४ ऑक्टोबर

पेशीमामांना तो कागद दाखवला. वाक्य वाचायच्या आधीच, नुसतं अक्षर बघून ते स्टुलावर बसले.

दाता क्रमांक अकरा त्यांच्याच हाताखाली काम करायची. सहा वर्षं. उबेच्या कपाटावरच्या जुन्या पट्ट्यांवर अजून तिचं अक्षर आहे, गोल, डावीकडे कललेलं. मुलीला मुंगी म्हणायची. साडेचारची शाळा गाठायला रोज सव्वाचारला ॲप्रन काढून पळायची. दीड वर्षापूर्वी घराच्या जिन्यावरून पडली. मेंदू मृत झाला, नवऱ्यानं दानाच्या कागदावर सही केली. नियमानं मामांना हे कळायला नको होतं, पण तबकड्या ज्या दिवशी आल्या त्याच दिवशी ती गेली होती. “मी तिला सहा वर्षं पेशी जगवायला शिकवलं,” मामा म्हणाले, “आणि मग तिलाच जगवत बसलो.”

मॅडमना माहीत आहे का, विचारलं. मामांनी नुसती मान हलवली. हो.

१६ ऑक्टोबर

आज मुलीचे वडील संस्थेच्या दाराशी भेटले. फार सभ्य माणूस. मुलगी झोपेत दचकते म्हणाले. ते म्हातारे कोण, काय हवंय त्यांना. मला त्यांची दया आली. बायको गेलेली, एकट्यानं लेकरू वाढवायचं, आणि वर हा प्रकार. मी एकटीनं सांभाळणं म्हणजे काय ते जाणते. नियम मोडून थोडं सांगितलं. औषधामुळे त्यांच्या डोक्यात कुणाच्या तरी आठवणी आल्यासारखं वाटतंय, एवढंच.

त्यांनी विचारलं, तिच्या शेवटच्या दिवसाचं काही बोलतात का?

मी म्हटलं, अजून नाही. घड्याळजी मात्र गेल्या आठवड्यापासून एका जिन्याबद्दल बोलतात, अर्धवट. त्यांनी विचारलं, हे घड्याळजी कुठं राहतात? एकदा भेटून समजूत घालीन म्हणतो.

मी सांगितलं. बस स्थानकामागे, पिवळ्या दाराचं घर.

१९ ऑक्टोबर

घड्याळजी गेले. घराच्या पायऱ्यांवरून पडून. सकाळी अकराला, भर उजेडात. सून बाजारात गेली होती.

मी भेटायला गेले होते. पायऱ्या चारच आहेत.

२० ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. त्या बाईचा अंत जिन्यावर झाला. तिच्या पेशींच्या पुड्या घेतलेला माणूसही जिन्यावरच. म्हणजे औषध नुसत्या आठवणी आणत नाही, मरणही आणतं. मॅडम म्हणाल्या, ऐंशी वर्षांचा माणूस पडू शकतो. अभ्यासाचा निष्कर्ष तीन आठवड्यांवर आलाय, आता कुजबुज नको. हजारो घरं वाट पाहताहेत, तुझ्यासारखीच.

माझ्यासारखीच. हे त्यांनी मुद्दाम म्हटलं.

घरी येऊन दुधामागची बाटली काढली आणि आजचा फवारा दिला नाही. अण्णा ठरल्याप्रमाणे नाक वर करून बसले होते. मी म्हटलं, आज नाही. ते म्हणाले, बरं बाई.

बयो नाही म्हणाले.

२४ ऑक्टोबर

चारच दिवस झाले. बटणं वरखाली. गुण अकरा. मला घरमालकीण समजतात, भाडं वेळेवर देईन म्हणतात. मीच माझ्या हातानं त्यांना पुन्हा त्या ढिगाखाली ढकलतेय.

दुपारी मी पेपरची घडी घालत होते. अण्णांनी माझं मनगट धरलं. पकड अण्णांची नव्हती. मान उजवीकडे कलली.

“फवारा द्या,” अण्णांचा आवाज म्हणाला. “मी पुसट होत चाललेय.”

मी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, माझ्यामुळे कुणी मरत नाही. मी कशाला मारीन, यांच्यातच तर मी उभी आहे.

मी विचारलं, मग घड्याळजी?

“मी पडले नव्हते,” ती म्हणाली. “मुंगीला शाळेतून घेऊन माहेरी जाणार होते. शाळा सुटायच्या आत पोचायचं होतं. बॅग हातात होती. जिन्यात त्यानं मागून—”

मग मनगटावरची पकड सुटली. अण्णांनी विचारलं, चहा झाला का, मालकीणबाई.

पिवळ्या दाराचं घर. मी सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं.

फवारा दिला.

२५ ऑक्टोबर

मुख्याध्यापिका बाई गेल्या. गच्चीच्या जिन्यावरून.

चौकीत गेले. हवालदारांनी ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. साक्षीदार कोण, विचारलं. मी म्हटलं, सहा जण. सगळे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. त्यांनी पेन खाली ठेवलं. मयत झालेल्या बाई यांच्या नाकातून आत गेल्या असं लिहू का, विचारलं. हसले नाहीत, तेवढं त्यांचं मोठेपण. अर्ज ठेवून घेतला.

संस्थेत कळलं की दात्याच्या नवऱ्याला बाकीच्यांचे पत्ते हवे होते, कृतज्ञता म्हणून भेटायला. कार्यालयानं दिले. सातही. त्यात आमचाही.

मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी मला बोलू दिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, हे बाहेर आलं तर उपचार संपला. मग अण्णांना फवारा कुठून आणशील? मी उठून बाहेर आले.

२६ ऑक्टोबर

मामांशी बोलले. ते म्हणाले, रुग्णांच्या घरी मी सांगून येतो, कुणाला एकटं ठेवू नका. मुलगी मला मामा म्हणते, तिला उद्या मी घेऊन येतो. ते कायद्यात बसतं का, विचारलं मी. म्हणाले, नाही बसत. सहा वर्षं तिच्या आईचा डबा खाल्लाय मी.

अण्णांना फवारा दिला. संध्याकाळी बयो म्हणाले. एकदाच.

मी विचारलं, अण्णा, तुम्ही आहात ना आत? ते म्हणाले, “आहे. खोली एक, माणसं दोन. सरकून बसलोय.”

२७ ऑक्टोबर, दुपारी अडीच

मुंगी इथं आहे. मधल्या सुट्टीत मामांनी आणलं. ते कागदपत्रं घेऊन पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे गेलेत, तिथं ऐकतील म्हणाले.

मुंगी अण्णांपासून लांब, दाराशी बसली होती. अण्णा काहीच बोलले नाहीत. नुसतं तिच्या बुटाची नाडी बांधली. दोन फास, मग एक गाठ उलटी. मुंगीनं बुटाकडे पाहिलं. मग अण्णांच्या तोंडाकडे. मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आली तेव्हापासून पहिल्यांदा रडली.

त्या चुरगळलेल्या म्हाताऱ्या हातात इतकी माया मी लहानपणी पाहिली होती. कुणाची होती आज, माहीत नाही. विचारलं नाही.

तीन वाजून पाच

खाली तो उभा आहे. इस्त्रीचा शर्ट. गॅलरीतून दिसला. वर बघत होता. मी मागे सरले, पण—

पाहिलं त्यानं.

चौकीत फोन केला. पाठवतो म्हणाले. मामा उचलत नाहीत.

तीन दहा

दाराशी आहे. बेल वाजवतो, थांबतो, पुन्हा वाजवतो. आवाज चढवत नाही. आजोबांना भेटायला आलोय म्हणतो. मुलगी हरवलीय म्हणतो, आई नसलेलं पोर आहे, तुम्ही समजून घ्याल.

शेजारचं दार उघडलं. त्यांच्याशी बोलतोय. त्यांना त्याची दया येतेय. येणारच. मलाही आली होती.

शेजाऱ्यांचं दार बंद झालं.

तीन पंधरा

हे लिहून ठेवतेय कारण आमचं काही झालं तर पायऱ्या मोजू नयेत कुणी. आम्ही पडलो नाही.

खांद्यानं ढकलतोय आता. कडीचा वरचा खिळा निघालाय. मुंगी माझ्या पाठीशी. मी ओट्यावरचा—

अण्णा उठलेत.

दाराशी गेले. मी अडवलं. “बयो,” म्हणाले, “तू तिच्याजवळ थांब. मी बोलतो त्याच्याशी.” आवाज अण्णांचा. मान कललेली. दोघं होते. दोघांनी मिळून कडी काढली, त्याला मागे रेटत बाहेर गेले, दार ओढून घेतलं. मी आतून कडी लावली. का लावली मी—

बाहेर बोलणं. अण्णांचा आवाज, बाईचे शब्द. मला ऐकू येतंय. ती त्याला विचारतेय, बॅग कुठं टाकलीस? ती हिरवी बॅग. त्यात तिचा स्वेटर होता.

तो म्हणाला, गप्प बस. तिच्या नावानं म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला, तिच्या नावानं.

मग झटापट. चपलांचा आवाज. मग—

जिन्यावरून काहीतरी जड गेलं. वळणापर्यंत. मग तिथून पुढेही.

शांत.

एकच गेलं. एक जण वर आहे.

श्वास ऐकू येतोय. दाराला टेकलेला. मी अण्णा म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दारावर हलकी टकटक, दोनदा. अण्णा अशी करत नाहीत. तो करेल का, माहीत नाही. माहीत—

मुंगी उठली. म्हणते, आई आहे.

मी थांब म्हटलं. ती म्हणते, आई अशीच वाजवते. तिला वडिलांचं वाजवणंही माहीत असेल. मी तिला विचारतेय, नीट आठव, बाळा, बाबा कसं—

स्टूल ओढलंय तिनं. कडीपर्यंत हात